कढईतलं इंजिन

चुकीच्या माणसावर राग काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्यातले बहुतेक राग मी विसरले आणि समोरची माणसंही विसरली असावीत. एक मात्र विसरता येत नाही, कारण त्याच्यापायी मला आईच्या कढईत हेलिकॉप्टरचं इंजिन भाजावं लागलं.

नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. रायपूरला आपण राजधानी असल्याची सवय अजून व्हायची होती. जुन्या बंगल्यांवर रोज नव्या खात्याची पाटी लागायची, आणि पत्ता विचारला तर पानवालासुद्धा जरा थांबून, आठवून सांगायचा. खरी राजधानी मात्र शहराबाहेर, अभनपूरच्या बाजूच्या मोकळ्या रानात उभी राहायची होती. तिचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात मी नोकरीला होते. राहायला आम्ही ब्राह्मणपाऱ्यात, आई, बाबा आणि मी. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत नोकरीला आले ते इथलेच झाले. बाबाही रेल्वेतच, डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये फिटर, आणि तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं.

चौथं माणूस म्हणजे हेलिकॉप्टर. चार फूट लांब, रिमोटवर उडणारं मॉडेल, आणि त्याचं इंजिन माझ्या मुठीत मावेल एवढं. मिथेनॉल आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर चालायचं, त्यामुळे ते सुरू झालं की अंगणात जुलाबाच्या औषधाचा वास सुटायचा. कॉलेजात असताना मला मॉडेल विमानं उडवायचा नाद लागला आणि नोकरीतला पहिला पैसा हाती आल्यावर तो नाद हेलिकॉप्टरवर गेला. आई शेजारणींना सांगायची, लोकांच्या पोट्ट्या संसार करून राहिल्या, आमची पंखे फिरवून राहिली.

त्या वर्षी मी हेलिकॉप्टरच्या पोटाखाली एक साधा रिळाचा कॅमेरा बांधला. बटण दाबायला छोटी मोटर बसवली आणि अभनपूरच्या रस्त्यावरच्या एका तलावाचा वरून फोटो काढला. तो इतका स्वच्छ आला की काठावर वाळत घातलेली लुगडी मोजता येत होती. फोटो ऑफिसात नेला. आमच्या साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, चहा संपेपर्यंत हातात ठेवला, आणि म्हणाले की खिलौना चांगला आहे. पण माणूस सरळ होता. कोजागिरीच्या दिवशी सकाळी वरचे अधिकारी नव्या राजधानीची जागा पाहायला येणार होते, तेव्हा त्यांच्यासमोर उडवून दाखवा, म्हणाले. उडालं तर त्या सगळ्या जागेचे वरून फोटो काढायचं काम आमच्या विभागाकडे येणार होतं आणि ते मी करणार होते. नाही उडालं तर बाहेरची एक कंपनी पत्र घेऊन बसलेलीच होती. ऑफिसात तोवर निम्मे लोक मला खिलौनेवाली मॅडम म्हणू लागले होते. त्या दिवशी हेलिकॉप्टर उडालं नाही तर ते नाव मला निवृत्तीपर्यंत पुरणार होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कोजागिरीच्या पाच दिवस आधी दसरा.

बाबांची खंडेनवमी शेडमध्ये असतानाही थाटात व्हायची आणि निवृत्त झाल्यावर तर जास्तच. पांढऱ्या धोतरावर पान्हे, पक्कड, हातोड्या, कानशी ओळीनं मांडायच्या, प्रत्येकाला हळदकुंकू लावायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यातलं काही हातात घ्यायचं नाही. त्या वर्षी त्यांनी मधोमध हेलिकॉप्टर ठेवलं. आईनं त्याच्या नाकावर कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. दसऱ्याला आम्ही एकमेकांना आपट्याची पानं दिली, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, सगळं रीतसर. मग मला लहर आली आणि एक पान मी हेलिकॉप्टरलाही दिलं. छताच्या पंख्यानं ते दोनदा उडून खाली पडलं. तिसऱ्यांदा मी ते इंजिनाच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाला एक फट असते, तिच्यात खोचून दिलं.

सीमोल्लंघन आपण करतो तसं यालाही करू द्या, असं म्हणून मी बाबांना उठवलं. ते स्कूटर चालवत होते आणि मी मागे, मांडीवर हेलिकॉप्टर. शहर संपल्यावर एका पडीक माळावर आम्ही नेहमी उडवायचो. झेंडूची माळ मी घरीच काढून ठेवली होती, नाकावरचं कुंकूही पुसलं होतं. सुरू केलं, उचललं, दोन फेऱ्या मारल्या. पाचव्या मिनिटाला जळक्या तेलाचा वास आला. आवाज घोगरा झाला, जरा ओढल्यासारखा झाला, आणि एकदम बंद पडला.

इंजिन मेलं तरी वरची पाती फिरत असतात. त्या फिरण्याच्या जोरावरच हेलिकॉप्टर खाली आणायचं असतं, आणि त्यासाठी संधी एकच मिळते. मी ते आणलं. एक पाय वाकला, बाकी काही नाही. जवळ जाऊन मी इंजिन बोटानं फिरवून पाहिलं तर ते हललंसुद्धा नाही. हात भाजला तो वेगळाच.

आता सुईबद्दल सांगायला हवं. अशा इंजिनाला किती इंधन मिळावं हे एका बारीक सुईवर ठरतं. सुई आवळली की इंधन कमी जातं, इंजिन जोरात पळतं, पण तापतं. सैल केली की ते धूर ओकतं, जरा सुस्त चालतं, पण थंड राहतं. बाबांचं सगळं आयुष्य डिझेल वाचवण्यात गेलेलं. माझं इंजिन धूर सोडताना पाहिलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "लई पिऊन राहिलं हे," असं दर वेळी म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मला न विचारता सुई दोन खटके आवळली होती आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं.

म्हणून माळावर उभी राहून मी त्यांना विचारलं, सुई आवळली ना तुम्ही? ते नाही म्हणाले. मग आपोआप आवळली का, असं मी म्हटलं. ते स्कूटर वळवून आणायला गेले. तेवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण घरात आल्यावर आईसमोर मी तोच विषय पुन्हा काढला आणि म्हणाले, "शेड सुटलं बाबा, पण तुमचा हात काही सुटत नाही."

हे वाक्य मी आजही जसंच्या तसं लिहू शकते. बाबांनी धोतरावरची अवजारं एकेक करून पेटीत ठेवली, पेटी खाटेखाली सरकवली आणि पेपर उघडून बसले. पेपर सकाळचाच होता आणि तो त्यांचा वाचून झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी कलकत्त्याच्या दुकानदाराला फोन लावला. नवं इंजिन, नाहीतर निदान आतले भाग. फोन खूप वेळ वाजला आणि मग कुणीतरी सांगितलं की पूजेची सुट्टी आहे, लक्ष्मीपूजा झाल्यावर दुकान उघडेल. त्यांची लक्ष्मीपूजा म्हणजे आपली कोजागिरीच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता एकच रस्ता उरला होता. जळालेल्या इंजिनातून जे जगलं असेल ते काढायचं, आणि माळ्यावरच्या डब्यात एक जुनं इंजिन पडलेलं होतं, त्याच्याशी ते जुळवायचं. जुनं त्याच कंपनीचं, त्याच मापाचं होतं. आदल्या वर्षी ते जमिनीवर आपटलं तेव्हा त्याचं घर, म्हणजे बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच, पुढून फुटलं होतं आणि आतला फिरणारा दांडा वाकला होता. आतलं बहुतेक ठीक असावं अशी मला आशा होती.

संध्याकाळी घरी येऊन मी जेवायच्या टेबलावर कागद पसरले आणि एकटीच बसले. बाबा बाहेर ओट्यावर होते. आधी प्लास्टिकचं झाकण काढलं. त्याच्या आत एक पंखा असतो, तो हवा ओढून इंजिनावर मारतो, म्हणजे इंजिन थंड राहतं. झाकण सुटलं तसं पंखा आणि इंजिन यांच्यामधून काहीतरी काळं माझ्या मांडीवर पडलं. चुरगळलेलं, कडेनं जळलेलं, पण मधली खाच आणि दोन्ही बाजूंचे गोल काठ अजून ओळखू येत होते. आपट्याचं पान. पंख्यानं ते आत ओढून बरोबर हवेच्या वाटेवर चिकटवलं होतं. सुई मी मोजून पाहिली. ती जिथे मी ठेवली होती तिथेच होती, खटकाभरही हललेली नव्हती.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार माझ्या मनात आला तो ते पान केराच्या टोपलीत टाकायचा. कुणाला कळलं नसतं. आई देवापाशी होती, बाबा पाठमोरे होते. मी उठलेही. मग माझी मलाच इतकी लाज वाटली की सरळ ओट्यावर गेले आणि तळहात त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, सोनं घ्या," मी म्हटलं.

त्यांनी ते पान उचललं, हुंगलं, उजेडाकडे धरलं. "हे तं तूच खोसलं होतं," ते म्हणाले. "मी पाह्यलं होतं. मले वाटलं, उडवाच्या आधी काढलं असशीन."

"मंग काल सांगितलं काहून नाही?"

"कवा सांगू? तू बोलू देशीन तवा."

मी त्यांची माफी मागितली. आमच्या घरात तशी रीत नाही, त्यामुळे दोघांनाही काय करावं ते कळेना. बाबांनी पान जपून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आत गेले आणि खाटेखालून पेटी ओढली.

त्यानंतरचे तीन दिवस मी कधी विसरणार नाही. ऑफिसला अर्धी रजा टाकली. दुपारी दोनला घरी यायचं, जेवायचं आणि अंगणात बसायचं. इंजिनाच्या वरच्या धातूच्या झाकणाचे स्क्रू जळक्या तेलानं जाम झाले होते. मी जोर लावायला गेले तेव्हा बाबांनी माझा हात धरला. स्क्रूच्या डोक्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीची, सोल्डर करायची गरम डाखणी मिनिटभर टेकवून धरली आणि मग तो लोण्यातून निघावा तसा निघाला. सहाच्या सहा निघाले. आत पाहिलं तर पिस्टन करपून तपकिरी झालेला, तो ज्या नळीत वरखाली होतो त्या लायनरवर उभे ओरखडे, पिस्टनला दांड्याशी जोडणारा रॉड ढिला पडलेला, आणि मागची बेअरिंग फिरवली की वाळू दळल्यासारखी. आईनं दोन स्टीलची ताटं आणून ठेवली होती, एक चालणाऱ्या भागांसाठी, एक गेलेल्यांसाठी. गेलेल्यांचं ताट भराभर भरायला लागलं तसा माझा धीर सुटत चालला.

मग दांड्याची पाळी आली. त्याच्यावरच सगळं होतं, कारण जुन्याचा दांडा वाकलेला, आणि हाही गेला असता तर कोजागिरी संपली होती. बाबा तो घेऊन उन्हात उभे राहिले. लोखंड तापलं की त्याच्यावर रंग चढतो, आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळा. "पिवळं चालते," ते म्हणाले. "निळं झालं तं फेकून दे." त्यांनी तो सावकाश गोल फिरवला. एका टोकाला गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग होता आणि निळा कुठेच नव्हता. त्यांनी दांडा चालणाऱ्यांच्या ताटात ठेवला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घर चांगलं निघालं, कार्बोरेटर चांगला निघाला, पुढची बेअरिंग चांगली निघाली. जळालेल्या इंजिनानं निम्मं अंग वाचवलं होतं.

उरलेलं निम्मं जुन्या इंजिनात होतं, आणि ते बाहेर यायला तयार नव्हतं. वर्षभर डब्यात पडून आतलं एरंडेल वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. लायनर घराला चिकटलेलं, बेअरिंग चिकटलेली. वाकलेला दांडा बाबांनी करवतीनं पुढून कापला, तरी तो मागे सरकेना. ठोकलं तर पिस्टन फुटणार. बाबा म्हणाले, तापवायला पाहिजे. ॲल्युमिनियमचं घर पोलादापेक्षा जास्त फुगतं, ते फुगलं की आतलं सैल होतं. पण ताप सगळीकडून सारखा हवा. गॅसच्या ज्योतीवर धरलं तर एका बाजूनं वितळेल आणि दुसरी बाजू थंडच राहील. शेडमध्ये असतं तर भट्टी होती.

आई दारातून हे ऐकत होती. ती म्हणाली, तुम्हा दोघांले फुटाणे भाजता येत नाही वाट्टे.

खरं म्हणजे तिनं ते चिडवण्यासाठीच म्हटलं होतं, पण बाबांनी मान वर केली. फुटाणे वाळूत भाजतात. वाळू दाण्याला चारी बाजूंनी सारखी तापवते, म्हणून तो करपत नाही. शेजारी एक घर बांधायला काढलेलं होतं, तेव्हा सगळ्या रायपुरातच घरं उठत होती, तिथून मी घमेलंभर वाळू आणली. आईनं ती चाळली आणि तिची लोखंडी कढई काढून दिली, जी ती कुणाला हात लावू देत नसे. वाळू किती तापली हे कळायचं कसं, यावर बाबांचं म्हणणं होतं की इंजिनावर साबणाची रेघ ओढायची. साबण तपकिरी झाला तर ॲल्युमिनियम मऊ पडलं असं समजायचं आणि तोवर जाऊ द्यायचं नाही. पण कमीत कमी किती, ते त्यांनाही सांगता येईना.

"वाळू मी तापवतो," आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. "तुम्हाले नुसतं स्वतः तापता येते."

तिनं दसऱ्याच्या तोरणातल्या धानाच्या दोन लोंब्या काढल्या, हातावर चोळल्या आणि चार दाणे वाळूत टाकले. काही झालं नाही. तिनं उलथण्यानं वाळू हलवली, पुन्हा दाणे टाकले. थोड्या वेळानं एक दाणा तडतडला आणि वाळूतून पांढरी लाही वर आली. मग दुसरी, मग तिसरी. लाह्या फुटायला लागल्या म्हणजे वाळू आली, तिनं सांगितलं, आता पुरा तुमचं ते.

आम्ही इंजिन वाळूत पुरलं, रेघेचं टोक तेवढं वर ठेवून. बाबा साबणाच्या रेघेकडे बघत होते, आई लाह्यांकडे, आणि मी घड्याळाकडे. पंधरा मिनिटांनी बाबांनी सांडशीनं ते उचललं आणि लाकडी पाटावर उलटं आपटलं. काही नाही. पुन्हा पुरलं. आईनं आच थोडी वाढवली, लाह्या भराभर फुटल्या, साबणाची रेघ मात्र पांढरीच. दुसऱ्यांदा आपटलं आणि लायनर नखाएवढं पुढे आलं. मी ओरडणार होते, बाबांनी डोळ्यांनीच गप्प केलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा लायनर, पिस्टन आणि रॉड सगळं एकदम पाटावर आलं, आणि त्यामागून टक्क असा आवाज करून कापलेला दांडा बेअरिंगसकट बाहेर पडला. बाबांनी बेअरिंग दांड्यावरून उतरवली आणि धुऊन बोटावर फिरवली. ती आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिली. आई कढईतल्या लाह्या वेचत होती आणि तिचं तोंड इतकं उजळलं होतं की फोटो काढून ठेवायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

जुळवणीच्या वेळी एकच घोळ झाला. सगळं बसवल्यावर बाबांनी दांडा फिरवला तर पिस्टन वर जाताना शेवटच्या टोकाला अडकत होता. त्यांनी तीनदा फिरवून पाहिलं आणि इंजिन खाली ठेवलं. चेहरा पडला होता. "घासलं हे. बसत नाही," ते म्हणाले. आणि इथे पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी शिकवलं. या छोट्या इंजिनांत लायनर वरच्या बाजूला मुद्दाम अरुंद ठेवतात. थंड असताना पिस्टन तिथे आवळतो, तापला की बरोबर बसतो. आवळतोय म्हणजे दोघांत जीव आहे. जळालेल्या इंजिनाचा पिस्टन उलट वरपर्यंत सुळकन जात होता, तोच मेलेला होता. हे ऐकून बाबांनी इंजिन पुन्हा उचललं, ते आवळणं बोटाला लागेपर्यंत हळूच फिरवलं, आणि म्हणाले की एवढ्याशा जिवात लोकांनी केवढी अक्कल घातली आहे. मी इंजिनापेक्षा त्यांच्याकडेच बघत होते.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी अंगणात फळीवर बसवून आम्ही ते सुरू केलं. स्कूटरच्या बॅटरीवर स्टार्टर लावला, इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धूर ओकत चालू झालं. सबंध ब्राह्मणपाऱ्यात एरंडेलाचा वास पसरला. दोन टाक्या आम्ही ते मुद्दाम सुस्त चालवलं, म्हणजे नव्यानं जुळवलेले भाग एकमेकांना ओळखतील. आईनं झाकणाची फट वाकून पाहिली आणि आत काही नाही याची खात्री करून घेतली. मला ते टोचलं, पण टोचायलाच हवं होतं.

कोजागिरीच्या सकाळी ऑफिसची जीप आली, तिच्यात बाबाही माझ्यासोबत बसले. नव्या राजधानीच्या जागेवर तेव्हा नुसतं रान होतं, आखणीच्या खुंट्या होत्या आणि चुन्याच्या पांढऱ्या रेघा. पाच-सहा गाड्या आधीच येऊन उभ्या होत्या. आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, मॅडम, खिलौना तैयार है? मी म्हटलं, इंजिन तैयार है, सर.

सुरू केलं. पाती अजून थांबलेली होती, इंजिन मंद चालत होतं. सुई लावायची वेळ ही. आदल्या दिवशी ती मीच लावली होती. मी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला आणि बाबांपुढे धरला.

"सुई तुम्ही लावा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसले, मान कलती केली आणि डोळे मिटून ऐकू लागले. मागे कुणीतरी घड्याळ बघत होतं, साहेब पाय बदलत होते. बाबांना कसली घाई नव्हती. मला माहीत होतं त्यांचा हात कुठे जाणार, उभं आयुष्य तो आवळायच्याच बाजूला गेला होता. मी ठरवलं होतं, जाऊ दे, आवळू देत, आज त्यांचंच. बाबांनी सुईवर स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि दोन खटके सैल केली. इंजिनानं पांढरा धूर सोडला.

"पिऊ दे आज त्याले," ते म्हणाले.

मी उचललं. हेलिकॉप्टर त्या धुराची शेपटी मागे ठेवत सरळ वर गेलं. पन्नास मीटर, साठ मीटर, मग खुंट्यांच्या ओळीवरून पूर्वेला, वळून परत, पुन्हा पूर्वेला. मी बटण दाबत होते आणि मोजत होते. छत्तीसच्या छत्तीस फोटो संपले तरी इंजिनाचा आवाज पहिल्या मिनिटाला होता तसाच होता. खाली आणलं तेव्हा वाकलेला पाय सरळ केलेला होता तोही नीट टेकला. टाळ्या झाल्या. वरच्या साहेबांपैकी एकानं आमच्या साहेबांना विचारलं की ये आपके विभाग का है क्या, आणि आमचे साहेब छाती काढून हो म्हणाले. मग ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, एक चक्कर और हो जाए?" नवं रीळ घालून मी आणखी एक चक्कर मारली. मला त्या वेळी खूप आनंद झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही.

काम आमच्याकडे आलं. खिलौनेवाली मॅडम हे नाव महिन्याभरात कुणाच्या तोंडी उरलं नाही. नव्या राजधानीत आज ज्या मोठ्या रस्त्यांवरून गाड्या पळतात, त्यांच्या जागी नुसता चुना होता तेव्हाचे वरून काढलेले फोटो माझ्या कपाटात आहेत.

त्या सकाळचा पहिला फोटो मात्र साहेबांनी मागून घेतला आणि टेबलाच्या काचेखाली ठेवला. हेलिकॉप्टर जेमतेम झाडाएवढं वर गेलेलं असताना तो निघाला होता. खाली आम्ही सगळे उभे आहोत, अधिकारी, ड्रायव्हर, साहेब, मी, आणि सगळ्यांची तोंडं वर. एकच माणूस गुडघ्यावर बसलेला आहे, मान खाली, एक कान आभाळाकडे. साहेबांनी त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, "इतनी मेहनत की, और ये ऊपर देख क्यों नहीं रहे?"

"देख नहीं रहे, सर," मी म्हटलं. "बाबा सुन रहे हैं."